एकशे अठरावं पान

१

पत्र नाहीसं होण्यातून मामांना काय मिळणार होतं, याचा हिशेब मिनिटबाईंनी गुरुवारी सकाळी बसमध्येच मांडून पाहिला. जमेच्या बाजूला काही येईचना. खर्चाच्या बाजूला मात्र रांग लागली. नोकरीचे उरलेले एकसष्ट दिवस. निवृत्तीला मिळायची रक्कम, जिच्यातून मामीच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं. अडतीस वर्षांत एक कागद हरवला नाही, हा लौकिक. एवढं घालवून माणूस एक पान पळवतो, तर विरुद्ध बाजूने त्याच्या हातावर काहीतरी घसघशीत ठेवलेलं असणार. आणि ठेवलं असतं तर मामांनी ते लपवलं कुठे असतं? घरात कपाट एक, त्याची किल्ली मामीकडे. लग्नानंतर मामांनी मामीपासून एकच गोष्ट लपवली होती, सिगारेट. तीही तीन दिवस.

ऑफिस व्यापारी दाव्यांचं. भागीदारांत फाटलं, माल नाकारला गेला, करार मोडला की माणसं तीन मजले चढून तिथे येत आणि उतरताना थोडी हलकी होऊन जात. खिशाने तर नक्कीच. वकील बारा. प्रत्येकाने आपला वेळ सहा-सहा मिनिटांच्या तुकड्यांत लिहून द्यायचा. एका तुकड्याला म्हणायचं एकक. ती एककं गोळा करून त्यांची बिलं करणं हे मिनिटबाईंचं काम. नावही त्यावरूनच पडलेलं. मामा दस्तऐवजांच्या खोलीचे प्रमुख. त्यांना सगळं ऑफिसच मामा म्हणे, पण मिनिटबाईंचे ते सख्खे. एकोणीस वर्षांपूर्वी भाचीला त्यांनीच इथे चिकटवलं होतं.

झालं होतं ते असं. एका कारखानदाराने औषधं थंड ठेवायच्या चारशे पेट्या बनवून एका बड्या कंपनीला दिल्या. कंपनी म्हणाली, माल सदोष आहे, पैसे देणार नाही. कारखानदार या ऑफिसात आला, करारही इथेच लिहिलेला होता. दावा दोन वर्षं रखडला, कारण करारात अट होती: कंपनीने माल लेखी मान्य केला तरच पैसे देणं लागतात. आणि तसं लेखी काही नव्हतं. मग तीन आठवड्यांपूर्वी फायलीत एक पत्र सापडलं. कंपनीच्या खरेदी अधिकाऱ्याचं, 'पेट्या तपासल्या, तक्रार नाही' असं सांगणारं. अधिकारी मागच्या वर्षी वारला होता. पत्राची झेरॉक्स न्यायालयात दाखल झाली. कंपनीचे वकील म्हणाले, अस्सल दाखवा. बुधवारी दुपारी फायल उघडली, तर एकशे सतराव्या पानानंतर एकदम एकशे एकोणिसावं.

दस्तऐवजांच्या खोलीत ट्यूबलाइट सकाळपासून फडफडत होती. तीन दिवस ऊन नव्हतं. कागदांना ओलसर वास यायला लागला होता.

"मामा, मला एकच सांग. पत्र फायलीत होतं ना?"

मामांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा पुसला.

"असणार," ते म्हणाले. "झेरॉक्सवर माझी सही आहे. 'अस्सलाशी ताडून पाहिली.' म्हणजे असणार."

कुठल्याही कागदाबद्दल मामा 'आहे' म्हणत किंवा 'नाही' म्हणत. 'असणार' हा शब्द त्यांच्या तोंडून मिनिटबाईंनी पहिल्यांदाच ऐकला.

२

मोठे साहेब ऑफिसचे संस्थापक. वय चौऱ्याहत्तर, पाठ ताठ, आवाज हळू. सहा मिनिटांचा नियम त्यांचाच. जिन्यात अशिलाशी दोन शब्द बोललेल्या ज्युनिअरकडूनही ते एकक वसूल करत. बाकीचे वकील आता वेळ संगणकावर भरत, साहेब अजून शाईच्या पेनने चिठ्ठ्या लिहीत. रोज संध्याकाळी त्या मिनिटबाईंच्या टेबलावर येत, घडी न मोडता.

"बसा. वाचा," त्यांनी एक कागद पुढे सरकवला.

मामांच्या नावाने तयार केलेलं प्रतिज्ञापत्र होतं. 'सदर अस्सल पत्र माझ्या ताब्यात असताना गहाळ झाले, असे मी शपथेवर सांगतो.'

"अस्सल हरवलं असं ज्याच्या ताब्यात ते होतं त्याने शपथेवर सांगितलं, की न्यायालय झेरॉक्सवर भागवून घेतं," साहेब म्हणाले. "सोमवारी साडेदहाला तारीख आहे. मामांनी सही केली तर आपला अशील वाचतो."

"आणि मामा?"

"निष्काळजीपणा झाला, नोकरी जाईल. रक्कम पूर्ण देऊ."

"नाही केली तर?"

"तर कागद कोणीतरी चोरला, असं धरावं लागेल. मग पोलीस. चोरीचा आळ असलेल्याला मी रक्कम कशी देणार?" साहेबांनी खिडकीकडे पाहिलं. "मला आनंद होतोय असं समजू नका. मामा आणि मी एका चहात दोन कप करून दिवस काढलेत."

मिनिटबाईंनी कागदाची घडी घातली. "मला सोमवारपर्यंत वेळ द्या. चोर असेल तर शोधून देते."

"तुम्ही?"

"बाराही वकिलांनी कुठल्या मिनिटाला काय केलं, हे या इमारतीत फक्त मला माहीत असतं, साहेब."

साहेब जरा हसले. "शोधा. फक्त तो वेळ कुठल्या अशिलाच्या बिलात घालू नका."

दाराबाहेर पडता पडता त्यांनी मागून हाक मारली. "बाई, रजिस्टर पाहिलंत का? फायल शेवटची कोणी बाहेर नेली होती?"

मिनिटबाईंनी पाहिलं होतं. सही धाकट्या वकीलबाईंची होती. आणि धाकट्या वकीलबाई पुढच्या महिन्यात कंपनीच्या वकिलांकडे नोकरीला चालल्या होत्या.

३

"हो, चाललेय. पगार दीडपट आहे. लपवायचं काय त्यात?" धाकट्या वकीलबाईंचं टेबल निम्मं आवरून झालं होतं. "पण मला पान चोरून न्यायचं असतं, तर रजिस्टरात सही करून फायल नेली असती का? एवढी बावळट वाटले मी तुम्हाला?"

"नाही हो. बावळट माणसं वेळ इतका नीट भरत नाहीत."

वकीलबाईंना हसू आलं, ते त्यांनी गिळलं.

"पत्र सापडलं कसं, ते सांगा," मिनिटबाई म्हणाल्या.

"मला नाही सापडलं. अठरा तारखेला, सोमवारी सकाळी केबिनच्या ट्रेमध्ये झेरॉक्स होती. वर चिठ्ठी, 'फायलीत मिळाले, पान ११८. यादीत घ्यावे.' छापलेली, सही नाही. मोठ्या साहेबांचा आणि जावईसाहेबांचा ट्रे एकच. हा दावा जावईसाहेब बघतात, म्हणून मी त्यांचीच समजले."

"अस्सल पाहिलंत?"

"शुक्रवारी दाखल करायचं होतं. दोनशे पानं. अस्सल बघायचं काम मामांचं, बाई. त्यांनी शिक्का मारला, सही केली, मी पुढे गेले."

"दावा आला तेव्हा कारखानदाराने पिशवीतून दिलेले सगळे कागद तुम्हीच वाचले होते. बावीस एककं लावली होतीत."

वकीलबाईंचे कान लाल झाले. "तेच तर. ते पत्र माझ्या नजरेतून सुटलंच कसं? शहाऐंशी ते एकशे तीस नुसत्या वाहतुकीच्या पावत्या. मध्ये घुसलं असेल, असं मनाला सांगितलं आणि गप्प बसले. ओरडून काय सांगायचं, की मी बावीस एककं घेऊन मुख्य कागदच पाहिला नाही?"

"जावईसाहेबांना विचारलं नाहीत?"

"विचारायची गरजच नव्हती. त्याच दुपारी त्यांनी अशिलाला फोन करून सांगितलं, 'पत्र मी स्वतः शोधून काढलं.' मी तिथेच उभी होते."

४

जावईसाहेब हे मोठ्या साहेबांचे जावई आणि ऑफिसातले दुसरे मालक. दाराच्या पाटीवर नाव फक्त सासऱ्यांचं. आपलं नाव वर यावं म्हणून त्यांनी पाटीची मापंही काढून ठेवली होती, असं टायपिस्ट सांगत असे.

"मिनिटबाई, आता तुम्ही आमची उलटतपासणी घेणार? बरंय. किती एककं?"

"एकच पुरेल. पत्र तुम्ही कधी शोधलंत?"

"सतरा-अठराच्या सुमारास. फायल चाळता चाळता."

"फायल चाळल्याचं एकही एकक तुम्ही भरलेलं नाही."

"राहून गेलं असेल."

"मागच्या महिन्यात लिफ्टमध्ये न्यायाधीश भेटले, त्यांना नमस्कार केलात, तेही एकक तुम्ही भरलं होतं. मी काढून टाकलं."

जावईसाहेबांनी दार लावलं. खुर्चीत बसले तेव्हा त्यांचा चेहरा शाळेत पकडलेल्या मुलासारखा झाला होता.

"हे बघा, बाहेर जाऊ देऊ नका. ते पत्र त्या पोरीने शोधलं असं मला वाटलं. ती काही बोलेना. म्हटलं, चालली आहे सोडून, श्रेय वाया कशाला जाऊ द्यायचं? म्हणून अशिलाला सांगितलं मी शोधलं."

"अस्सल पाहिलंत?"

"मी कशाला? मामांची सही होती ना."

मिनिटबाईंनी मनातल्या मनात बेरीज केली. वकीलबाई म्हणतात जावईसाहेबांनी शोधलं. जावईसाहेब म्हणतात वकीलबाईंनी. दोघं म्हणतात अस्सल मामांनी पाहिलं. मामा म्हणतात, असणार.

दाव्याचा जीव ज्या कागदात होता, तो कोणीच शोधला नव्हता आणि अजून तरी कोणीच पाहिलेला नव्हता.

५

कारखाना शहराबाहेर, पत्र्याच्या शेडमध्ये. शनिवारी सकाळी मिनिटबाई पोचल्या तेव्हा निम्मी यंत्रं झाकलेली होती. एका कोपऱ्यात चार माणसं एकाच पेटीचं झाकण घासत होती, हळूहळू. काम संपू नये म्हणून घासतात तशी.

कारखानदार बुटका, खांद्यात वाकलेला माणूस. त्याने स्वतः खुर्ची पुसून दिली.

"साठ माणसं होती, आता अठ्ठावीस येतात. बाकीच्यांना म्हटलंय, निकाल लागू द्या. बाई, ते पान सापडेल ना?"

"शोधतेय. तुमच्या पिशवीतच होतं म्हणतात. तुम्हाला ते पत्र आलं कधी?"

"खरं सांगू? मला आठवत नाही. जावईसाहेब म्हणाले फायलीत मिळालं, तेव्हा मी रडलो. म्हटलं, म्हणजे माझ्याच पिशवीत होतं आणि मीच दोन वर्षं उपाशी! बायको म्हणाली, तुम्हाला तुमचं डोकं तरी कुठे ठेवलंय ते माहीत असतं का?"

"तो अधिकारी तुमच्याशी बोलला होता?"

"हो तर! इथेच उभा राहून म्हणाला, पेट्या एक नंबर. मी लेखी मागणारही होतो."

"मग मागितलं का नाही?"

कारखानदाराने यंत्रावरचं कापड नीट केलं. "सल्ला तसा मिळाला. जाऊ द्या, आता कोणाची चूक काढायची?"

परतीच्या बसमध्ये मिनिटबाईंच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. दोन वर्षं या माणसाने एका वाक्यासाठी जिवाचं रान केलं. ते वाक्य टपालाने त्याच्या हातात आलं, त्याने पिशवीत टाकलं, आणि विसरला? खिळ्यांची पावतीसुद्धा जपून ठेवणारा माणूस?

ऑफिसात आल्या आल्या त्या मामांच्या खोलीत शिरल्या आणि न्यायालयात दाखल केलेल्या झेरॉक्सचा संच त्यांनी टेबलावर उघडला.

६

मामांची एक पद्धत होती. अशिलाने पिशवी दिली की पहिल्या दिवशी प्रत्येक कागदाला डाव्या कडेला दोन भोकं पाडायची, टॅगच्या दोरीत ओवायचं, पेन्सिलने पान क्रमांक घालायचा. मग झेरॉक्स काढली की त्या भोकांचे दोन काळे ठिपके प्रतीवर उमटत. मिनिटबाईंनी पानं उलटायला घेतली. एकशे सोळा, दोन ठिपके. एकशे सतरा, दोन ठिपके. एकशे अठरा.

कडा स्वच्छ पांढरी.

"मामा, या पत्राचं अस्सल तुझ्या टॅगमध्ये कधीच ओवलेलं नव्हतं."

मामा खुर्चीवर बसले नाहीत, टेकले.

मिनिटबाईंनी फायलीत त्याच अधिकाऱ्याची दुसरी पत्रं शोधली. एक्केचाळिसाव्या पानावर एक मिळालं, खरं, शाईच्या सहीचं. पेट्यांचे रंग विचारणारं साधं पत्र. त्यांनी ते आणि एकशे अठराची झेरॉक्स एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. आभाळ भरलेलं होतं, तरी तेवढा उजेड पुरला. वरच्या सहीची रेघ न् रेघ खालच्या सहीवर बसली. शेपटीचा थरकापसुद्धा. जिवंत माणूस दोनदा इतकी सारखी सही करत नाही. कोणीतरी खऱ्या पत्राचा माथा आणि सही घेऊन मध्ये नवा मजकूर चिकटवला होता आणि त्याची झेरॉक्स काढली होती. अस्सल हरवलं नव्हतं, ते असूच शकत नव्हतं. कोणीतरी वाहतुकीची एक पावती तेवढी काढून टाकली होती, अस्सल 'हरवायला' जागा हवी म्हणून.

"म्हणजे चोरी झालीच नाही," मामा पुटपुटले.

"झाली ना. तुझ्या सहीची."

मामांनी मान खाली घातली. "शुक्रवार होता गं. दोनशे पानं. साडेचारला मामीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. पहिली वीस ताडली, शेवटची दहा ताडली. मधल्यांवर शिक्का मारत गेलो. सगळेच असं करतात, पण मी कधी केलं नव्हतं. मग बुधवारी ते पान दिसेना, तेव्हा वाटलं, आपल्याच हातून कुठे गेलं की काय."

मिनिटबाई आपल्या टेबलाकडे गेल्या. बनवणाऱ्याने पत्र अठरा तारखेच्या आधी बनवलं असणार. त्यांनी कारखानदाराच्या दाव्यावरच्या त्या आठवड्याच्या नोंदी काढल्या. संगणकावर काही नव्हतं. मग चिठ्ठ्यांचा गठ्ठा सोडला.

सतरा तारीख. रविवार. शाईचं पेन. 'पत्र: मसुदा व दुरुस्ती. सात एककं.'

हीच चिठ्ठी त्यांनी तीन आठवड्यांपूर्वी स्वतः बिलात चढवली होती. त्यांनी बाहेर जाणाऱ्या टपालाचं रजिस्टर उघडलं. सतरापासून पुढे पंधरा दिवस, या दाव्यात ऑफिसातून एकही पत्र गेलेलं नव्हतं.

७

रविवारी दुपारी ऑफिसात मोठे साहेब एकटेच होते. मिनिटबाईंनी चिठ्ठी त्यांच्यापुढे ठेवली.

"साहेब, बिल करताना विचारायचं राहिलं. हे पत्र कोणाला गेलं?"

साहेबांनी चिठ्ठी उचलली, डोळ्यांजवळ नेली आणि नाकाने श्वास सोडल्यासारखे हसले.

"माझंच अक्षर. पन्नास वर्षांची सवय, बाई. हात कामातून सुटला की चिठ्ठी लिहितो. लिहिताना वाचत नाही."

"का केलंत?"

"कारखानदाराने तेव्हा मला फोन केला होता. माल पोचला, लेखी मान्यता मागू का, म्हणून. मी म्हटलं, एवढी मोठी कंपनी, उगाच संशय दाखवू नका, राहू द्या. करारातली अट मीच घातलेली, आणि मीच विसरलो. तीन मिनिटांचा फोन." ते थांबले. "तेवढ्याची चिठ्ठी करत नाही मी."

बाहेर कुठेतरी एक शटर खाली ओढल्याचा आवाज आला.

"त्या पत्रात एक शब्द खोटा नाही," साहेब म्हणाले. "माल चांगला होता. अधिकारी तोंडाने हो म्हणाला होता. जिवंत असता तर साक्ष दिली असती. खोटा आहे तो फक्त कागद."

"आणि मामा?"

"रक्कम पूर्ण देणार होतो. वर डोळ्याचा खर्चही."

"चोर ठरवून."

"निष्काळजी ठरवून."

"अडतीस वर्षांनी, साहेब? तुम्ही स्वतः सांगू शकला असता, माझा सल्ला चुकला म्हणून."

"सांगू शकलो असतो," साहेबांनी पेनचं टोपण लावलं. "चौऱ्याहत्तराव्या वर्षी पहिल्यांदा ते वाक्य तोंडातून यावं लागतं ना. ते येईना, म्हणून दुसऱ्याच्या सहीचं पत्र आलं."

मग त्यांनी वकिली आवाज लावला. "प्रतिज्ञापत्र मामांकडेच आहे. त्यांनी सही केली तर अठ्ठावीस माणसांचे साठ होतील, आणि ज्याचे पैसे न्यायाने त्याचे आहेत त्याला मिळतील. नाही केली तर मी बुडेन. पण माझ्याआधी तो कारखाना बुडेल. चिठ्ठी घेऊन जा. अडवत नाही मी. उद्या साडेदहा."

मिनिटबाईंनी चिठ्ठी उचलली. जिना उतरताना त्यांच्या लक्षात आलं की गुन्हेगार सापडल्यावर हलकं वाटायला हवं होतं.

८

संध्याकाळी त्यांनी मामांना सगळं सांगितलं. फोन, सात एककं, साठ माणसं, डोळ्याचा खर्च. मामी पलीकडे भाजी निवडत होती. तिचे हात थांबले नाहीत.

"म्हणजे दोन रस्ते," मामा म्हणाले. "सही केली, तर पत्र टिकेल, कारखाना उभा राहील, आणि माझ्या हातून कागद हरवला असं लिहिलं जाईल. नाही केली, तर सांगावं लागेल की मी न बघता सही ठोकली. माझं दोन्हीकडून जातंच."

"सही केलीस तर पैसे तरी मिळतात, मामा."

"ते कळतंय मला." त्यांनी मामीकडे पाहिलं. "तू बोल की काहीतरी. डोळा तुझा आहे."

"माझ्या एका डोळ्याला तुम्ही दिसताय तेवढे पुरेसे आहात," मामी म्हणाली. "आणखी स्पष्ट दिसून काय करू? पण माझ्या नावावर खोटी शपथ खपवू नका. नंतर जन्मभर ऐकवाल."

मामा हसले.

"एकदा न पाहता 'पाहिलं' लिहिलं," ते शेवटी म्हणाले. "आता नसलेलं 'हरवलं' म्हणून लिहू? मग अडतीस वर्षांतल्या इतर सह्यांचं काय? त्यातली कुठलीही कोणी खरी का मानावी?"

"कारखानदाराचं काय?" मिनिटबाईंना स्वतःचाच राग आला, पण विचारल्याशिवाय राहवेना.

"ते मला रात्रभर छळणार," मामा म्हणाले. "छळू दे."

सोमवारी न्यायालयाच्या लांबट, थंड खोलीत मामा उभे राहिले. न्यायाधीशांनी विचारलं, अस्सल तुमच्या ताब्यात होतं का? मामांनी सांगितलं, "नव्हतं. मी ते कधी पाहिलंच नाही. पाहिलं, असं लिहिलं, ती चूक माझी." जावईसाहेबांच्या हातातला पेला तिरका झाला आणि पाणी कागदांवर पसरलं. कंपनीचे वकील उठायच्या आत मोठे साहेब उठले. "पत्र आम्ही मागे घेतो," एवढंच बोलले आणि बसले. मागच्या बाकावर कारखानदार मान वळवून प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहत होता, कोणीतरी त्याच्या भाषेत सांगेल म्हणून.

पुढच्या आठ महिन्यांत कोणी काय भरलं, ते मिनिटबाईंनी नंतर एकदा मांडलं.

धाकट्या वकीलबाई ठरल्या दिवशी दीडपट पगारावर रुजू झाल्या. जावईसाहेबांना मोठी केबिन आणि पाटीवर जागा मिळाली. मोठ्या साहेबांवर चौकशी लागली. पहिल्या तारखेला ते आजारी असल्याचं कळवलं गेलं. दुसऱ्या तारखेला ते खरोखरच आजारी होते, आणि तिसरी लागण्याआधी गेले. ऑफिसातून मोठा हार गेला. चौकशीत चिठ्ठी दाखवणाऱ्या मिनिटबाईंना 'रचना बदलत असल्यामुळे' निरोप मिळाला. आता त्या एका गोदामात मालाच्या नोंदी करतात, पगार दोन-तृतीयांश. खोट्या शेऱ्याबद्दल मामांना त्याच सोमवारी संध्याकाळी काढलं आणि रक्कम निम्मी कापली. मामीच्या ऑपरेशनला कमी पडले ते भाचीने कर्ज काढून घातले. हप्ते अजून चालू आहेत.

कारखानदाराचा दावा फेटाळला गेला. मिनिटबाईंनी त्याला फोनबद्दल सगळं सांगितलं, साहेबांच्या वारसांवर दावा लावा म्हणाल्या, वकील शोधून द्यायचीही तयारी दाखवली. तो नम्रपणे म्हणाला, "वकील नको, बाई."

हरलेल्याने जिंकलेल्याच्या वकिलांचा खर्च द्यायचा, असा न्यायालयाचा हुकूम होता. कंपनीकडे चारशे पेट्या होत्या, त्यांचे पैसे तिने एक पैही न देता वाचवले होते, आणि आता तिच्या वकिलांचं बिलही दुसरा भरणार होता. कारखानदाराने आधी अठ्ठावीस माणसांचा शेवटचा पगार केला, मग यंत्रं वजनावर विकली, आणि मुदत संपायच्या दोन दिवस आधी कंपनीच्या खर्चाची पूर्ण रक्कम भरून टाकली.